पांढरी तीन, पांढरी चार

शालिनीताईंनी उजव्या हाताचं बोट कीबोर्डच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर टेकवलं, आवाज कानात नीट भरून घेतला, डोळे मिटले आणि तोच आवाज गळ्यातून काढला. मग एक डोळा उघडून त्यांनी अपूर्वकडे पाहिलं. अपूर्वने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

"थोडं वर गेलं, मॅम."

ताईंनी शेजारची चौथी पांढरी पट्टी दाबली आणि पुन्हा गळा लावला.

"आता थोडं खाली."

"मग मधली पट्टी कुठे आहे?"

"मध्ये नाहीच आहे. पांढरी तीन आणि पांढरी चार, ह्या दोघींच्या बीच में काळी नसते. बघा ना, एकदम चिकटून आहेत."

ताईंनी चष्मा नाकावर खाली घेऊन पट्ट्या पाहिल्या. बाकी बहुतेक ठिकाणी दोन पांढऱ्यांच्या फटीत एक काळी बसलेली होती. इथे नव्हती.

"म्हणजे मी जिथे गाते, तिथे काहीच नाही," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ इतकी वर्षं तेच सांगतोय. त्याच्यासाठी एवढी मशिनं कशाला लागत होती?"

अपूर्व इतका हसला, की त्याच्या कोपराने हेडफोन खाली पडला. हिंदी बोलणाऱ्या त्या शहरातल्या टोपी बाजारात त्याच्या वडिलांचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरची ही खोली त्याचा स्टुडिओ होती. भिंतींवर आवाज घुमू नये म्हणून त्याने अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवले होते. ते पहिल्यांदा घरात आले तेव्हा त्याच्या आईने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं आणि मग सगळ्या ट्रेंवर गंगाजल शिंपडून तडजोड केली होती. ट्रेंच्या खाली टेबलावर कॉम्प्युटर, दोन काळे स्पीकर, वायरींचं जंजाळ आणि कात्रीसारख्या पायांच्या स्टँडवर हा नवा सिंथेसायझर. ह्याच्याआधी अपूर्व एका ऑर्केस्ट्रात दुसरा कीबोर्ड वाजवायचा, म्हणजे पहिला वाजवणारा चहा प्यायला गेला की वाजवायचा. आता पहिल्यांदाच एका लग्नात तो एकटा बसणार होता, आणि ते लग्न शालिनीताईंच्या भाचीचं होतं. तो पहिलीत असताना ताईंनीच त्याला अक्षरं शिकवली होती, त्यामुळे मिशा आल्या तरी तो त्यांना मॅमच म्हणत असे.

ताईंच्या माहेरी मंगलाष्टकं ताईच लिहीत. शाळेतून निवृत्त व्हायच्या आधीपासून, घरात लग्न ठरलं की पहिला फोन हॉलवाल्याला आणि दुसरा ताईंना. नवरा-नवरीची नावं, दोन्हीकडच्या आज्या, कुलदैवत, सगळं वृत्तात बसवून त्या देत, मात्रा एक इकडची तिकडे होत नसे. आणि मग लग्नाच्या दिवशी ते मंगलाष्टक दुसरंच कोणीतरी म्हणायचं. ताईंच्या हातात अक्षतांचं ताट द्यायचे.

"ताई, तू अक्षता वाट," त्यांचा धाकटा भाऊ सदाशिवराव प्रत्येक लग्नात म्हणायचा. "तुझ्याइतकी व्यवस्थित कोणी वाटत नाही."

ह्यावर सगळे हसायचे आणि ताईही हसायच्या. भावाच्या बोलण्यात डंख नव्हता. लहानपणी घरी आरती चालू असताना ताईंचा आवाज चढला की त्यांचे वडील, आबा, टाळ थांबवून म्हणायचे, "शालू, बाळ, टाळ्या वाजव." तेव्हापासून घरात ते ठरूनच गेलं होतं. ह्याला स्वयंपाक येत नाही, त्याला पोहता येत नाही, तसा शालूला सूर नाही.

ह्या वेळी मात्र सदाशिवरावांची मुलगी गरिमा अडून बसली. "आत्या, लिहिणार तू आणि म्हणणारही तूच. नाहीतर मी अंतरपाटामागे उभीच राहणार नाही."

"अगं, समोर सुनंदाबाई आहेत," सदाशिवराव घाबरून म्हणाले. सुनंदाबाई म्हणजे नवऱ्या मुलाची मावशी. त्या रेडिओवर गात, त्यांच्याकडे शिकायला लांबून मुलं येत. "त्यांचं झालं की लगेच ताईचं? लोक काय म्हणतील?"

"लोक सावधान म्हणतील," गरिमा म्हणाली.

ताई तेव्हा हसल्या. पण घरी आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्यांच्या आडोशाने, आपलं मंगलाष्टक मोठ्याने म्हणून पाहिलं. त्यांना ते छान वाटलं. तीच तर पंचाईत होती. त्यांना ते नेहमीच छान वाटायचं. आयुष्यात एकदा, एकदाच, ते सदाशिवलाही छान वाटावं, एवढं त्यांच्या मनाने घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या अपूर्वचा जिना चढल्या.

"मॅम, ऐका," हेडफोन उचलून टेबलावर ठेवत अपूर्व म्हणाला. "तुम्ही बेसूर नाही आहात. तुमचा सूर आहे, आणि रोज तोच असतो. मी चार दिवस चेक केलं. फक्त तो ह्या पट्ट्यांवर नाही आहे. मग तुम्ही कोणाबरोबर गायलात की ते एकीकडे, तुम्ही एकीकडे."

"मग आता काय करायचं?"

"आता कीबोर्ड तुमच्याकडे येईल."

त्याने एक बटण दाबून धरलं, चकती जराशी फिरवली. पडद्यावरचे आकडे सरकले. मग त्याने तीच पांढरी चार दाबली. आवाज मघापेक्षा किंचित उतरलेला आला, दूध उतू जाता जाता गॅस बारीक केला की बसतं तसा.

"लावा गळा."

ताईंनी गळा लावला. आवाजात आवाज मिसळला आणि क्षणभर त्यांना स्वतःचा आवाज ऐकूच येईना. त्या दचकून थांबल्या.

"बंद पडलं का रे?"

"बंद नाही मॅम, मिळालं!" अपूर्वने टेबलावर थाप मारली. "मिळालं की असंच होतं. दोन आवाज असे वाटतच नाहीत."

ताईंनी पुन्हा म्हटलं, परत तसंच झालं. त्यांनी आणखी एकदा म्हटलं, मग आणखी एकदा. कोणी वर्गात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं, की ते मूल पाटीभर तेच नाव लिहीत सुटतं, ते त्यांना नेहमी गमतीचं वाटायचं. आता त्यांना त्यात काही गंमत वाटेना.

त्यानंतर रोज दुपारी शिकवणी सुरू झाली. अपूर्व कडक मास्तर होता. आधी ऐकायचं, मग म्हणायचं. घाईने तोंड उघडलं की तो हात वर करायचा.

"मॅम, सुनो पहले. कान भरू द्या. मग गळा."

"मी तुला सांगायचे, आधी अक्षर बघ मग लिही, तेव्हा तू ऐकायचास का?"

"मी नाही ऐकलं, म्हणून तर माझं अक्षर असं आहे."

हळूहळू ताईंना एक नवाच नाद लागला. त्या सगळीकडे कान भरू लागल्या. दाल बाजारात गव्हाचं पोतं घ्यायला गेल्या, तर हमालाच्या हातगाडीचं चाक कुरकुरत होतं, त्याच्यात सूर मिळवू लागल्या. मिक्सर, शेजारच्या देवळातली घंटा, फेरीवाल्याची आरोळी, काहीही. दुकानदार म्हणाला, "दीदी, तबीयत ठीक है?"

लग्नात मंगलाष्टकं म्हणणारी चार माणसं होती. गुरुजी, मुलाचे काका, सुनंदाबाई आणि शेवटी ताई. मुहूर्ताच्या मिनिटाला कोणाला वाट पाहायला वेळ नसतो, म्हणून अपूर्वने प्रत्येकाचा सूर आधी विचारून कीबोर्डच्या मेमरीत भरून ठेवला. बटण एक दाबलं की कीबोर्ड गुरुजींच्या सुरात जाणार, दोनला काकांच्या.

"तीन नंबर सुनंदा मॅडम. त्यांची पांढरी चार आहे, एकदम पक्की. चार नंबर तुम्ही."

"माझा कुठे आहे?"

"पांढरी चारच्या जरा खाली. ज्याला नाव नाही, तो." त्याने चौथ्या बटणावर बोट आपटलं. "पण आता त्याला बटण आहे. त्यांचं सावधान झालं की मी चार दाबणार आणि तुमचा सूर देणार. तुम्ही ऐकायचा, कान भरायचा, और बस, शुरू."

एकदा गरिमाचा भाऊ समरजीत वर येऊन गेला. लग्नाच्या साउंडची सगळी जबाबदारी त्याच्याकडे होती आणि ती तो गळ्यात ओळखपत्र घालून निभावत होता. त्याने अपूर्वला जिन्यात गाठून विचारलं, "भाई, आत्याच्या माइकवर कुछ हो सकता है क्या? असं एखादं सॉफ्टवेअर, की काहीही गा, बाहेर सुरातच येईल?"

"होतं ना," अपूर्व म्हणाला.

"तर लाव ना यार."

"गरज नाही."

"गरज नाही? तू ऐकलंयस का तिला?"

"रोज ऐकतो," अपूर्व म्हणाला. "तू ऐकलंस का?"

समरजीतने थोडा विचार केला. मग ओळखपत्र शर्टात घालून तो खाली उतरला. ताईंनी हे सगळं आतून ऐकलं होतं. अपूर्व परत आला तेव्हा त्या पडद्यावरचे आकडे फार लक्षपूर्वक वाचत होत्या.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. फूलबागेजवळच्या हॉलबाहेरच्या हिरवळीवर मंडप घातला होता आणि संध्याकाळच्या गारठ्यात पैठण्यांवर शाली आल्या होत्या. अपूर्व दुपारपासून हजर होता. स्टँड, पेडल, वायरी, सगळं त्याने दोनदा तपासलं. गाणाऱ्याला स्वतःचं आणि कीबोर्डचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर एक ठेंगणा स्पीकर गाणाऱ्याकडे तोंड करून ठेवतात, तोही त्याने माइकसमोर बरोबर लावला. ताईंना त्याने त्याच्यापुढे उभं करून दाखवलं.

"सगळं इथून येईल. ह्याच्याकडेच बघा. समोर लोकांकडे नका बघू."

"वर्गात पण मुलांकडे बघूनच बोलतात रे."

"आज तुम्ही वर्गात नाही आहात, मॅम."

पण नंतर अपूर्व कपडे बदलायला गेला तेव्हा फोटोग्राफरला दिव्याचा तिपाई स्टँड ठेवायला जागा हवी होती. त्याने ठेंगणा स्पीकर पायाने सरकवला. स्पीकरचं तोंड फुलांच्या कमानीकडे झालं आणि कोणाच्या ते लक्षात आलं नाही.

अंतरपाट धरला गेला. इकडे गरिमा, तिकडे तिचा अभिराम, मधे कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं पांढरं वस्त्र. मामा पाठीशी. सदाशिवराव पहिल्या रांगेत उभे, हातात अक्षता, आणि चेहऱ्यावर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागलेल्या माणसाचा भाव. ह्या वेळी अक्षतांचं ताट त्यांनी मुकाट्याने दुसऱ्या कोणाकडे दिलं होतं.

गुरुजींचं झालं. काकांचं झालं. काकांनी मधली एक ओळ गाळली, पण सावधान मात्र दणदणीत म्हटलं. मग सुनंदाबाई माइकपुढे आल्या. साठी उलटलेली बाई, साधा अंबाडा, खांद्यावर घट्ट पदर. त्यांनी माइक हाताने जरा लांब सारला आणि गायला लागल्या.

मंडपातला सगळा आवाज शांत झाला. ताई माइकपासून हातभर अंतरावर, आपल्या वेळेची वाट बघत उभ्या होत्या. त्या आधी घाबरल्या, मग घाबरायचं विसरल्या. सुनंदाबाईंचा सूर काठोकाठ भरलेल्या घागरीसारखा होता, कुठे हिंदकळत नव्हता. ताईंनी सवयीने कान भरून घेतला.

"शुभमंगल सावधान!"

सगळा मंडप एकदम ओरडला. अक्षता उडाल्या. कोणाची तरी लहान मुलगी किंचाळली, मागे फटाक्यांची माळ वेळेआधीच लागली, आणि गुरुजी घड्याळाकडे पाहत म्हणाले, "चला, चला, ताई! मिनिट उरलं!"

अपूर्वने चौथं बटण दाबलं आणि ताईंचा सूर दिला. तो फुलांच्या कमानीला ऐकू गेला. ताईंपर्यंत त्या गलक्यात काहीच पोचलं नाही. त्यांनी ठेंगण्या स्पीकरकडे पाहिलं तर तिथे त्याची पाठ होती. गुरुजी हात हलवत होते. ताईंच्या कानात एकच सूर शिल्लक होता, आत्ता संपलेला, सुनंदाबाईंचा. त्यांनी डोळे मिटले आणि तोच गळ्यातून काढला.

"जाते लेक घरातुनी परघरी, घेऊन साऱ्या खुणा..."

गळा मोकळा लागला. ताईंना ते लगेच कळलं. हातगाडीच्या चाकाबरोबर कधीतरी लागायचा तसा, अगदी अचूक लागला होता. सूर सुनंदाबाईंनी जिथे ठेवला होता, तिथूनच तो त्यांनी उचलला होता. पक्की पांढरी चार. आणि मग खालच्या मोठ्या स्पीकरमधून कीबोर्ड आला.

तो त्यांच्या सुराच्या जरा खाली होता. थोडासाच. पण ते थोडंसं असं होतं, की सगळ्या मंडपाचे दात आंबले. अपूर्वला वाटलं, मॅमना ऐकू येत नाहीये. म्हणून त्याने बिचाऱ्याने आवाज वाढवला. आता जे खुपत होतं ते अधिकच खुपू लागलं.

ताईंनी डोळे उघडले. पहिल्या रांगेत सदाशिवरावांनी ओठ आवळून, खांदे वर घेऊन चेहरा वाकडा केला होता. तो चेहरा ताईंच्या चांगला ओळखीचा होता. पण आज सदाशिवराव त्यांच्याकडे पाहत नव्हते. ते कीबोर्डकडे पाहत होते. सुनंदाबाईंनीही झटकन मान वळवून तिकडेच पाहिलं होतं. मागून कोणाचा तरी आवाज आला, "अरे, हा कीबोर्डवाला कुठून आणला?"

एवढ्या वर्षांत, एवढ्या आरत्यांत आणि एवढ्या लग्नांत, ताई गात होत्या आणि चूक दुसऱ्याची होती.

पहिली ओळ संपली. दुसरी सुरू व्हायच्या आधी एक श्वास घ्यायचा असतो. ताईंनी तो घेतला, आणि घेता घेता डावीकडे पाहिलं. अपूर्वचा एक हात पट्ट्यांवर होता आणि दुसरा बटणांवर अधांतरी. तीन दाबावं का? मधेच दाबलं तर सूर उडी मारेल आणि सगळ्यांना कळेल. नाही दाबलं तर हे असंच. नव्या झब्ब्याच्या गळ्यापाशी त्याला घाम आला होता. लोक बघत होते, समरजीत मंडपाच्या टोकाहून दोन्ही हातांनी खुणा करत होता, आणि अपूर्व बटणांकडे बघत होता. ताईंनी असा चेहरा आयुष्यभर पाहिला होता. फळ्यापुढे उभा असतो, हातात खडू असतो, आणि मागे सगळा वर्ग हसायच्या बेतात असतो.

त्यांनी कान कीबोर्डला दिला आणि भरू दिला. मग दुसरी ओळ त्यांनी तिथून उचलली, पांढरी चारच्या जरा खालून, जिथे पट्टी नव्हती तिथून.

"घ्यावे काम नवे, परी न विसरा हासावया सर्वदा..."

आवाजात आवाज मिसळला. मंडपाचे आवळलेले खांदे खाली आले. अपूर्वचा अधांतरी हात हळूच पट्ट्यांवर उतरला. तिसऱ्या ओळीला त्याने मागे सारंगीसारखा एक लांब आवाज सोडला, चौथ्या ओळीला हात मोकळा करून वाजवलं, आणि अंतरपाटामागून गरिमाने मान तिरकी करून, नियम मोडून, आत्याकडे बघून घेतलं.

"शुभमंगल सावधान!"

अंतरपाट खाली गेला. हार पडले. अपूर्वने सनई-चौघडा सोडला, तो इतका जोरात, की वरातीच्या घोड्यापाशी रेंगाळलेली उरलीसुरली माणसंसुद्धा हॉलबाहेर नाचायला लागली.

जेवणाच्या टेबलाशी सदाशिवराव ताईंना शोधत आले. डोळे ओले होते, पण ते मुलीच्या लग्नामुळे.

"ताई, काय म्हटलंस गं! दुसऱ्या ओळीपासून तर मी बघतच राहिलो. पहिली ओळ जरा आपली नेहमीसारखी..." त्यांनी हाताने लाट दाखवली. "पण मग सापडलं तुला! त्या पोराने सांभाळून घेतलं बरं का. मी उगाच त्याच्याकडे डोळे वटारले. हुशार आहे पोरगा."

"फार हुशार आहे," ताई म्हणाल्या.

"मी भोसल्यांना सांगितलंय, त्यांच्या तन्वीच्या लग्नाला ह्यालाच बोलवा म्हणून."

"सांग. आणि भोसल्यांना म्हणावं, गाणारे आधी त्याच्याकडे शिकवणीला पाठवा."

सदाशिवराव हसत पुढच्या टेबलाकडे गेले. ताईंनी पुरीचा तुकडा मोडला. इतक्यात समोरची खुर्ची सरकवून सुनंदाबाई बसल्या. त्यांच्या ताटात वरणभात आणि कोशिंबीर एवढंच होतं. त्यांनी भात कालवला, पण घास घेतला नाही.

"तुम्ही कोणाकडे शिकलात?"

"मी? छे हो. मी शाळेत शिकवायचे. पहिली, दुसरी."

"पहिली ओळ पांढरी चारवर होती," सुनंदाबाई म्हणाल्या. "मी सोडला तिथूनच तुम्ही सूर उचललात. माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, त्यांना जमत नाही. कीबोर्ड चुकला होता." त्या जरा पुढे झुकल्या. "तुम्हाला ते ऐकू येत होतं. मी तुमचा चेहरा बघत होते. मग खाली का आलात?"

ताईंनी पुरी भाजीत बुडवली.

"मुलगा तिथे एकटा पडला होता," त्या म्हणाल्या.

सुनंदाबाईंनी भाताचा घास घेतला, सावकाश चावला. मग काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात हातात भरगच्च ताट घेऊन, तिथल्या तिथे उड्या मारत असल्यासारखा अपूर्व आला.

"मॅम! लोग पागल हो गए! दोन जणांनी माझा नंबर घेतला!" त्याने सुनंदाबाईंना वाकून नमस्कार केला, तेवढ्यात ताटातली जिलबी घसरता घसरता वाचली. मग तो ताईंच्या कानाशी वाकला, पण उत्साहात त्याला हळू बोलणं जमलं नाही. "मॅम, एक सांगू? राग नका मानू. फर्स्ट लाइनला तुम्ही थोड्या वर गेल्या होत्या."

सुनंदाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "अरे, ऐक, त्या वर नव्हत्या गेल्या, तूच..."

ताईंनी बाजूच्या वाढप्याच्या भांड्यातून एक भला मोठा गुलाबजाम उचलला आणि थेट सुनंदाबाईंच्या उघड्या तोंडात घातला.

"घ्या हो! मुलीकडच्यांचा आग्रह आहे. नाही म्हणायचं नाही."

सुनंदाबाईंचे गाल फुगले, डोळे मोठे झाले. रेडिओवरचा तो गळा काही वेळ पूर्ण बंद झाला.

"हो रे," ताई अपूर्वकडे वळून म्हणाल्या. "गेले खरी वर. आधी ऐकलंच नाही मी, घाई केली."

"कोई बात नहीं, मॅम." अपूर्वने मास्तरासारखी मान डोलावली. "होता है. अजून थोडी प्रॅक्टिस पाहिजे. सोमवारी या."

"येते."

तो दुसऱ्या टेबलाकडे पळाला. सुनंदाबाईंनी एका हाताने तोंड झाकलं होतं. गुलाबजाम गिळावा की आधी हसून घ्यावं हे त्यांना ठरवता येईना, आणि पाक ओघळून साडीवर पडू नये म्हणून ताईंनी आपला रुमाल त्यांच्यापुढे धरला.